अवघडलेपणाचे मोल

मराठीतील ‘अवघडणे’ या क्रियापदाच्या अर्थाचा पसारा मोठा आहे. एकाच स्थितीत फार वेळ बसल्याने पाय अवघडतो, परक्या घरी पानावर बसलेला पाहुणा अवघडतो, आणि दिवस भरत आलेल्या गर्भवतीलाही ‘अवघडलेली’ असेच म्हटले जाते. शरीराचा ताठरपणा, मनाचा संकोच आणि नव्या जिवाचा भार या तीन वेगळ्या अनुभवांना भाषेने एकाच शब्दात बसवले, यामागे अनेक पिढ्यांचे निरीक्षण असावे. कारण या तिन्ही अवस्था तात्पुरत्या असतात आणि त्यांतून पुढे सरकायचे तर काही ना काही हालचाल करावीच लागते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून अलीकडे वारंवार दिला जाणारा ‘कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा’ हा सल्ला याच अनुभवाविषयी आहे. कम्फर्ट झोन म्हणजे ज्या कामांत, ज्या माणसांत आणि ज्या जागी वावरताना मनावर ताण येत नाही, असे सवयीचे आवार. त्या आवाराबाहेर पाऊल टाकल्याशिवाय माणूस वाढत नाही हे बव्हंशी खरे आहे. परंतु त्यावरून ‘जितका त्रास जास्त तितकी वाढ जास्त’ असा जो निष्कर्ष सर्रास काढला जातो, तो चुकीचा आणि प्रसंगी घातक आहे. अवघडलेपण कुठे उपयोगी पडते आणि कुठे ते केवळ वाया जाते, हे समजून घेण्यासाठी पुण्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलूख चांगला आधार देतो.

पुणे–सातारा महामार्गालगत, खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या परिसरात, भोर तालुक्यातील शिवरे हे गाव आहे. महामार्गाने आणखी दक्षिणेला गेल्यावर चेलाडी फाटा लागतो आणि तेथून नसरापूरमार्गे पश्चिमेकडे वळणारा रस्ता वेल्हे तालुक्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, शिरतो. महामार्गावरील सपाट, वेगवान जग आणि सह्याद्रीच्या सोंडांमधील चढउतारांचे जग यांच्यात येथे मोटारीने तासाभराचेही अंतर नाही. टोलनाक्याची उपमा या विषयाला चपखल बसते: टोल भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, परंतु टोल भरला म्हणजे मुक्काम आला असे कोणी मानत नाही, आणि चुकीच्या रस्त्यावर भरलेला टोल कोणी परतही करत नाही. अवघडलेपण हे वाढीसाठी मोजावे लागणारे असेच शुल्क आहे.

एकाच वाटेवरची दोन माणसे

‘दुर्ग’ या शब्दाचा व्युत्पत्तीनुसार अर्थच मुळी ‘जेथे जाणे कठीण’ असा आहे. वेल्ह्याच्या डोक्यावर उभा असलेला तोरणा समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर उंच असून पुणे जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या पूर्वेचा राजगड सुमारे पाव शतक शिवाजी महाराजांच्या राजधानीचे ठिकाण होता, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश झाला. ज्यांनी हे किल्ले बांधले त्यांच्या दृष्टीने चढाची कठीणता हीच संरक्षणाची पहिली फळी होती, त्यामुळे ती मुद्दाम राखली आणि वाढवली गेली. पुढे तोफा आणि तैनाती फौजांच्या काळात किल्ल्यांचे लष्करी महत्त्व संपले, आणि विसाव्या शतकात गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या लेखकांनी दुर्गभ्रमणाची गोडी मराठी वाचकांना लावल्यावर तीच कठीणता लोकांना ओढून आणू लागली. जो चढ शत्रूला परतवण्यासाठी होता, तो आता शनिवार–रविवारी हजारो नोकरदार आणि विद्यार्थी आपण होऊन चढतात.

गुंजवणे गावातून राजगडाच्या चोर दरवाजाकडे जाणाऱ्या वाटेचा शेवटचा टप्पा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. झाडीतून वर आलेली पायवाट अखेरीस कातळाला भिडते, खोबण्यांत पाय आणि लोखंडी कठड्यावर हात ठेवत चढावे लागते, दम लागलेला असतो, आणि खाली पाहिले की पोटात गोळा येतो. त्याच वाटेवर, त्याच वेळी, पायथ्याच्या गावातील एखादी बाई ताकाचा कॅन डोक्यावर घेऊन वर जात असते, कारण पद्मावती माचीवर पोहोचलेल्या पाहुण्यांना ताक आणि लिंबूसरबत विकून तिचे घर चालते. दोघांच्या पायाखालचा दगड एक, चढ एक, आणि ऊनही एकच. पाहुण्याच्या मानाने तिच्या डोक्यावरचा भार मात्र जास्त. तरीही शहरातून आलेल्या पाहुण्याला हा चढ ‘स्वतःला आजमावण्याचा अनुभव’ वाटतो आणि ताकवालीला तो रोजचा धंदा असतो. वाढ जर केवळ कष्टातून होत असती, तर या वाटेवरच्या सर्व व्याख्यानांचा अधिकार तिच्याकडे गेला असता. कष्टाखेरीज आणखी काय लागते, हा प्रश्न येथूनच सुरू होतो, आणि त्याचे पहिले उत्तर शरीरात सापडते.

उतरणीचा धडा

पहिल्यांदा किल्ल्यावर गेलेल्या माणसाला चढताना धाप लागते, परंतु खरे दुखणे सुरू होते ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही प्रामुख्याने उतरल्यामुळे. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचे वजन सावरताना मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू ताण धरून असतानाच लांबत जातात. आकुंचन पावताना लांबण्याची ही क्रिया स्नायूंच्या तंतूंवर नेहमीपेक्षा अधिक ताण टाकते, त्यांत अतिसूक्ष्म इजा होतात, आणि त्या दुरुस्त करण्याची प्रक्रिया सुरू झाली की साधारण एक ते तीन दिवसांच्या काळात मांड्या भरून येतात, जिना उतरणेही नकोसे होते. हे दुखणे लॅक्टिक आम्ल साचल्याने होते असा समज अजूनही प्रचलित आहे, परंतु श्रमाच्या वेळी रक्तात वाढलेले लॅक्टेट विश्रांतीनंतर साधारण तासाभरात पूर्ववत होते. दोन दिवसांनी जाणवणाऱ्या वेदनेचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तोच माणूस दोन–तीन आठवड्यांनी पुन्हा तसाच उतार उतरला, तर दुखणे आधीपेक्षा लक्षणीयरीत्या कमी असते. व्यायामशास्त्रात याला पुनरावृत्तीचा परिणाम म्हणतात: एकदा ताण सोसलेला स्नायू पुढच्या ताणासाठी स्वतःची रचना आणि मज्जासंस्थेकडून येणाऱ्या आज्ञांची पद्धत बदलून ठेवतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. मात्र त्याला दोन अटी आहेत. पहिल्या ताणानंतर दुरुस्तीला अवधी मिळाला पाहिजे, आणि ताण स्नायूच्या पेलण्याच्या मर्यादेपासून फार दूर असता कामा नये. विश्रांतीशिवाय दररोज केलेल्या अतिश्रमाने स्नायू मजबूत होण्याऐवजी झिजतो, आणि सांध्यातील तीक्ष्ण वेदना हा प्रगतीचा पुरावा नसून थांबण्याचा इशारा असतो. स्नायू बळकट होतो तो उतारावर नव्हे, उतार संपल्यानंतरच्या झोपेत, आहारात आणि विश्रांतीत. उताराने फक्त त्या कामाची वर्दी दिलेली असते.

टाळण्याची सवय

मनाच्या बाबतीत हाच हिशोब थोड्या वेगळ्या रीतीने चालतो. ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळली की तत्काळ हायसे वाटते, आणि हे हायसे वाटणे हेच बक्षीस ठरून पुढच्या वेळी टाळण्याची ओढ आणखी वाढते. सभेत बोलायचे टाळणारा, फोन उचलायचे टाळणारा किंवा उंचावर जायचे टाळणारा माणूस आपली भीती खरी होती की खोटी, हे पडताळून पाहण्याची संधीच गमावत राहतो. १९५८ साली मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी यावर जी पद्धत मांडली तिला क्रमशः असंवेदनीकरण म्हणतात. तीत भीतीची एक शिडी तयार करून सर्वांत खालच्या, सर्वांत कमी त्रासाच्या पायरीपासून सुरुवात केली जाते, आणि ती पायरी मनाला सवयीची झाल्यावरच पुढची घेतली जाते. उंचीच्या भीतीवर थेट लिंगाण्याचा सुळका हा उपाय असू शकत नाही. घराची गच्ची, मग एखादी टेकडी, मग रुंद पायऱ्यांच्या पाली दरवाजाने राजगड, आणि त्यानंतर चोर दरवाजाची वाट हा क्रम उपचाराच्या तत्त्वाला धरून होईल.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास विकसित केलेली आणि महाराष्ट्रातही अनेक समुपदेशकांनी मराठीतून रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती या प्रश्नाकडे विचारांच्या बाजूने पाहते. एलिस यांच्या मते माणसाला बेजार करणारी गोष्ट बहुधा गैरसोय ही नसते, तर ‘मला हे सहनच होणार नाही’ ही तिच्याविषयीची ठाम समजूत असते. ‘हे त्रासदायक आहे’ आणि ‘हे असह्य आहे’ या दोन वाक्यांत त्यांनी नेमका फरक केला: पहिले वाक्य वस्तुस्थिती सांगते, तर दुसरे एक भाकीत असते आणि ते सहसा खोटे ठरते. भारतीय परंपरेतील वेदान्ताने साधकासाठी सांगितलेल्या सहा गुणांत, म्हणजे षट्संपत्तीत, ‘तितिक्षा’ हा एक गुण आहे. थंडी–ऊन, मान–अपमान यांसारखी द्वंद्वे विलाप न करता सोसण्याची ती क्षमता होय. परंतु तेथेही तितिक्षा एकटी येत नाही. शम, दम, उपरती, श्रद्धा आणि समाधान यांच्या सोबतीने, आणि एका निश्चित ध्येयासाठी, ती सांगितलेली आहे.

भीतीला सामोरे जाण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण बाबा आमटे (१९१४–२००८) यांचे आहे. वरोऱ्यात पावसात भिजत पडलेल्या, कुष्ठरोगाने अखेरच्या अवस्थेत पोहोचलेल्या माणसाला पाहून ते भीतीने दूर पळाले, ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. या पळण्याने ते इतके अस्वस्थ झाले की परत फिरून त्यांनी त्या माणसाची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. त्यानंतर ते केवळ धैर्यावर विसंबून राहिले नाहीत, तर कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचे शास्त्रीय शिक्षण घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि तिच्यातून आनंदवन उभे राहिले. भीती, माघार, पुनर्विचार, शिक्षण आणि काम असा हा क्रम होता. त्यातील शिक्षणाची पायरी वगळली असती तर तो प्रसंग एका माणसाच्या करुणेची आठवण बनून राहिला असता.

अवघडलेपणाकडे पाहण्याची दृष्टी बदलल्याने काय होते, याचा प्रायोगिक अभ्यास केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख या दोन संशोधकांनी केला आणि तो २०२२ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून अधिक लोकांचा सहभाग असलेल्या पाच प्रयोगांपैकी एक शिकागोतील उत्स्फूर्त नाट्याच्या वर्गांत झाला. काही विद्यार्थ्यांना नेहमीप्रमाणे सराव करायला सांगितले, तर काहींना ‘तुम्हाला संकोच वाटला पाहिजे, तोच आजचा उद्देश आहे’ असे सांगितले. दुसऱ्या गटातील विद्यार्थी रंगमंचावर अधिक वेळ टिकले आणि त्यांनी अधिक धाडसी प्रयत्न केले. संकोच हे अपयशाचे लक्षण न मानता काम सुरू झाल्याची खूण मानले, की त्याच संकोचाचा अर्थ बदलतो. येथे लक्षात ठेवण्याची बाब ही की विद्यार्थी वर्गात स्वतःहून आलेले होते आणि त्यांना कोणत्याही क्षणी थांबता येत होते.

पाठांतराचा भ्रम

अभ्यासाच्या बाबतीतही सोपे वाटणे फसवे असते. स्मृतीचे अभ्यासक रॉबर्ट बीयॉर्क यांनी १९९० च्या दशकात ‘इष्ट अडचणी’ ही संकल्पना रूढ केली. शिकणे तात्पुरते अवघड करणाऱ्या, परंतु शिकलेले टिकवून ठेवणाऱ्या अडचणी, असा तिचा अर्थ. तिचा नमुना रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांच्या २००६ मधील प्रयोगात दिसतो. एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने तो पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे ८१ टक्के आणि आठवून लिहिणारे ७५ टक्के मजकूर सांगू शकले, परंतु आठवड्याने हेच प्रमाण अनुक्रमे ४२ आणि ५६ टक्के झाले. पुस्तक उघडे ठेवून पाचव्यांदा वाचताना सर्व काही येत असल्यासारखे वाटते, तर पुस्तक मिटून आठवू लागल्यावर मधेच अडखळायला होते, आणि नेमके ते अडखळणेच स्मृती पक्की करते. याउलट कोंदट खोली, रिकामे पोट किंवा शिक्षकाचा धाक या अडचणींनी स्मृतीला काही मिळत नाही. अडचण इष्ट ठरते ती तिने शिकण्याच्या मुख्य क्रियेलाच हात घातला तर.

सहीपासून सभेपर्यंत

शिवऱ्याच्या या मुलखात अवघडलेपणाचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण किल्ल्यांवर नाही, गावांतील ओसरीवर आणि देवळाच्या सभामंडपात सापडते. १९६२ साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने शिवापूर परिसरात ग्रामविकासाचे काम सुरू केले आणि पुढे शिवगंगा–गुंजवणीच्या खोऱ्यांत व वेल्हे भागात स्त्रियांच्या बचत गटांचे जाळे उभे केले. राष्ट्रीय पातळीवर नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गट ही ओळखीची गोष्ट झाली. दहा–वीस बायकांनी दरमहा ठरलेली रक्कम जमवायची, त्यातून गरजू सभासदाला कर्ज द्यायचे, हप्ते वहीत लिहायचे आणि पुढे त्या शिस्तीच्या जोरावर बँकेकडून मोठे कर्ज उचलायचे, असे त्याचे साधे स्वरूप आहे.

अर्थशास्त्रात या गटांचा अभ्यास बचतीचे आणि कर्जाचे साधन म्हणून होतो, परंतु मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ती भीतीची काळजीपूर्वक रचलेली शिडी आहे. पहिली पायरी स्वतःचे नाव सांगण्याची असते, कारण सासरच्या गावात ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याची सून’ याच ओळखीने वर्षानुवर्षे वावरलेल्या बाईला दहाजणींसमोर स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारणे सोपे नसते. दुसरी पायरी सहीची. विळ्याची आणि जात्याच्या खुंट्याची सवय असलेल्या हाताला पेन फार हलके लागते, बोटे त्याला गरजेपेक्षा घट्ट आवळतात, अक्षराची रेघ ओळीखाली उतरते, आणि अंगठा उठवून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु शेजारी बसलेल्या बाईचेही अक्षर तितकेच वाकडे आलेले असल्यामुळे हसू झाले तरी ते दोघींचे मिळून होते. त्यानंतर बँकेत जाऊन पैसे भरण्याची चिठ्ठी लिहिणे, खिडकीपलीकडच्या माणसाला प्रश्न विचारणे, गटाचा हिशोब वाचून दाखवणे, थकलेल्या हप्त्याबद्दल नात्यातल्याच बाईला विचारणे आणि शेवटी ग्रामसभेत उभे राहून बोलणे अशा पायऱ्या येतात. बँकेत कोणी एकटी जात नाही, आणि ग्रामसभेआधी स्वतंत्र महिला सभा घेण्याची जी तरतूद महाराष्ट्रात आहे, तीही याच शिडीतील एक मधली पायरी ठरते, कारण जे पुरुषांसमोर बोलायचे ते आधी बायकांत बोलून पाहता येते. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. त्या जागांवर बसायला निघालेल्या अनेकींची पूर्वतयारी गटाच्या बैठकीत झालेली असते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी शिकणाऱ्याला एकट्याने जमणाऱ्या आणि कोणाच्या तरी मदतीने जमू शकणाऱ्या कामांच्या मधल्या पट्ट्याला विकासाचे निकटचे क्षेत्र म्हटले. वाढ या पट्ट्यात होते; त्याच्या अलीकडे कंटाळा असतो आणि पलीकडे घबराट. बचत गटाची रचना नकळत हाच पट्टा पकडते. शहरी पाहुण्याच्या गिर्यारोहणात आणि या सहीत एक साम्य आहे ते असे की दोन्हीकडे अवघडलेपणाच्या पलीकडे काहीतरी नवे उघडते. ताकाचा कॅन शंभराव्यांदा वर नेताना तसे काही उघडत नाही, मात्र त्याच ताकाच्या धंद्यासाठी गटातून स्वतःच्या सहीने कर्ज घेताना उघडते.

भाताचे रोप आणि टाकीचे घाव

वेल्हे–भोर हा भाताचा मुलूख असल्याने कष्टाचे समर्थन करताना भातलावणीचा दाखला हटकून दिला जातो: वाफ्यातले सुखात वाढणारे रोप उपटून चिखलात रोवले, म्हणूनच त्याला लोंबी येते. हा दाखला तपासून पाहण्यासारखा आहे. उपटताना रोपाची काही मुळे तुटतात, लावणीनंतर ते काही दिवस पिवळे पडते आणि त्याची वाढ खुंटते. शेतीशास्त्र या अवस्थेला रोपाला बसलेला धक्का मानते आणि तो नुकसानीच्या बाजूला मांडते. लावणीचा फायदा येतो तो चिखलणीमुळे दबलेल्या तणातून, दोन रोपांमध्ये राखलेल्या अंतरातून आणि त्या मोकळ्या जागेत फुटणाऱ्या फुटव्यांतून. म्हणूनच जाणता शेतकरी रोप फार जून होऊ देत नाही, उपटण्याआधी वाफ्याला पाणी देतो, मुळे जपतो आणि उपटलेले रोप शक्य तितक्या लवकर लावतो. रोपाला त्रास व्हावा म्हणून तो लावणी करत नाही. त्याला जागा मिळावी म्हणून करतो आणि त्रास होता होईल तितका कमी ठेवतो.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, या सर्वपरिचित म्हणीचाही असाच विचार करावा लागतो. पाथरवटाला दगडाची शीर कळते, कोठे किती घाव घालायचा याचा अंदाज त्याच्या हातात असतो आणि घडणारी मूर्ती त्याच्या डोळ्यांसमोर असते. त्यामुळे ही म्हण मूलतः कसबाविषयी आहे. वसतिगृहातील रॅगिंग, कामाच्या ठिकाणचा पाणउतारा किंवा घरातील मारहाण यांचे समर्थन करण्यासाठी ती वापरली जाते तेव्हा मूर्ती कुठेच नसते, फक्त घाव असतात, आणि खाणीत ज्यावर असे घाव पडतात त्या दगडाची खडी होते.

यामागील कारणही प्रयोगांतून स्पष्ट झाले आहे. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेल्या, आजच्या निकषांनी क्रूर वाटणाऱ्या प्रयोगांत दोन गटांना सारखेच विजेचे झटके बसत होते. एका गटाला ते पट्टी दाबून थांबवता येत होते, दुसऱ्याला काही केले तरी थांबवता येत नव्हते. पुढे दोघांनाही पळून जाण्याचा सोपा मार्ग दिला, तेव्हा पहिल्या गटातील प्राणी पळाले आणि दुसऱ्यातील बहुसंख्य जागेवर पडून राहिले. याला त्यांनी शिकलेली हतबलता असे नाव दिले. सुमारे अर्धशतकानंतर, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूविज्ञानाच्या आधारे आपली मांडणी उलटी करून सांगितले की दीर्घ संकटात निष्क्रिय होणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया असते, आणि शिकावी लागते ती आपल्या कृतीने परिस्थिती बदलते ही जाणीव. झटक्यांची तीव्रता समान असूनही एकाला त्यांनी शहाणे केले आणि दुसऱ्याला मोडले. दोघांत फरक होता तो केवळ नियंत्रणाचा.

मोजमापाचे तीन प्रश्न

या सर्व विवेचनातून कोणत्याही अवघडलेपणाची पारख करण्यासाठी तीन प्रश्न हाती लागतात. ते कोणी निवडले आहे, हा पहिला. नको झाल्यास थांबता येते का आणि थांबल्यावर सावरायला अवधी व सोबत मिळते का, हा दुसरा. आणि ते सोसून झाल्यावर आज न जमणारे असे कोणते काम उद्या जमणार आहे, हा तिसरा. पहिल्यांदा सभेत बोलणे, चाळिशीनंतर पोहायला शिकणे, परक्या भाषेत चुका करत संभाषण करणे, आपली चूक कबूल करून माफी मागणे, किंवा मतभेद असलेल्या माणसाचे बोलणे मधे न तोडता ऐकून घेणे या गोष्टी तिन्ही कसोट्यांना उतरतात, आणि त्यांतील संकोचाला भिऊन मागे फिरणाऱ्याचे नुकसानच होते. अशा वेळी शिडीची खालची पायरी निवडावी, त्रास होणार हे आधीच गृहीत धरावे आणि झालेल्या त्रासानंतर विश्रांती घ्यावी, एवढे पथ्य सामान्य माणसाला पुरेसे आहे.

मात्र याच कसोट्या दुसऱ्या बाजूनेही लावायला हव्यात. भाटघरचे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले, त्यानंतर पानशेत, वरसगाव, नीरा–देवघर आणि गुंजवणी यांच्या पाण्याखाली या डोंगराळ पट्ट्यातील जमिनी गेल्या, आणि विस्थापितांनी जे सोसले ते त्यांनी निवडलेले नव्हते. त्याला कणखरपणाची शाळा म्हणणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरतो. डोंगरातल्या वाडीवरून माध्यमिक शाळेसाठी पावसाळ्यात कित्येक किलोमीटर चालणाऱ्या मुलीच्या कौतुकाचे लेख दरवर्षी छापून येतात. ते चालणे तिने निवडलेले नसते, तिला ते थांबवता येत नाही, आणि त्यातून तिला शाळेत वेळेवर पोहोचण्यापलीकडे काहीही मिळत नाही, उलट वर्गात ताठ बसून अभ्यास करण्याची ताकद वाटेतच खर्ची पडते. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींसाठी राज्यात अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा पास मोफत आहे, पण वाडीपर्यंत गाडी आली तरच त्या पासाचा उपयोग. गणिताच्या न सुटणाऱ्या उदाहरणापाशी त्या मुलीला खुशाल अवघडू द्यावे. रस्त्यावरच्या तिच्या पायपिटीला मात्र सहनशीलतेचे प्रशस्तिपत्र नको, वेळेवर येणारी एसटी हवी.